एकोणीस दिवसांचं पाणी

ताई : पिशवी दे इकडे. टाकीत सोडतेय मी मासे.

धाकटा : सोडून तर बघ, ताई. उद्या सकाळपर्यंत चारही उलटे तरंगतील.

ताई : का? पाणी आहे, वाळू आहे, मोटर गुरगुरतेय. एकोणीस दिवस आई या खुर्चीत बसून रिकामी टाकी बघतेय. आज तिला पंच्याहत्तर पूर्ण झाली. आज तरी बघू दे की काहीतरी हलताना.

धाकटा : रिकामी नाहीये ती. मासा घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि त्यानं मासाच मरतो. तो अमोनिया खाणारे जिवाणू आधी फिल्टरच्या स्पंजात वाढावे लागतात. महिना जातो. तोवर त्यांना खायला म्हणून मीच थोडा थोडा अमोनिया टाकतोय.

ताई : म्हणजे आईला भेट दिलेल्या टाकीत स्वतःच्या हातानं विष कालवतोयस. वा! पाणी तपासायची नोकरी आहे ते ठीक, घराची कशाला प्रयोगशाळा?

धाकटा : ही तपासणीची नळी बघ. हिरवीगार, म्हणजे अमोनिया अजून आहे. नुसती पिवळी दिसेल तेव्हा मासे. त्याआधी नाही.

ताई : तुझं सगळं असंच. थांबा. अजून थांबा. आणखी एक तपासणी करू.

धाकटा : आणि तुझं? मनात आलं की उचल. बाबांनाही असंच उचललंस.

ताई : आलास तिथंच! मला वाटलं, चपला तरी काढू देशील.

धाकटा : डॉक्टर म्हणत होते, आठ दिवस ठेवा. मी कामावर गेलो आणि तू सही करून घरी घेऊन आलीस. तिसऱ्या दिवशी गेले.

ताई : नाकातोंडात नळ्या घालून आठ दिवस ठेवलं असतं तर कुठे पोचले असते ते?

धाकटा : आठव्या दिवसापर्यंत.

आई : अरे, पिशवीतले मासे तळाला बसलेत. बघा कुणीतरी.

धाकटा : परत देऊन ये, ताई.

ताई : घेत नाहीत. दुकानात पाटीच लावलीय तशी.

धाकटा : मग न विचारता आणलेस कशाला? विचारायची सवयच नाही तुला. तेव्हाही...

आई : तेव्हा मी सांगितलं होतं.



धाकटा : काय सांगितलं होतंस?

आई : घरी आणायला. तुझ्या बाबांनी माझा हात धरला, म्हणाले, आपल्या खोलीत ने मला. सही करायचा मला धीर होईना. हिला म्हटलं, तू कर. आणि धाकट्याला बोलू नकोस, असंही मीच म्हटलं.

धाकटा : ताई, खरं?

ताई : मला विचारलंस कधी? नुसतं तोंड सोडलंस.

धाकटा : आई, दोन वर्षं गप्प बसलीस? मी हिला दारात उभं करत नव्हतो, ते बघत होतीस?

आई : बघत होते. तिच्याशी भांडलास, तिला तिचं घर आहे. माझ्याशी भांडला असतास तर मी कुठे गेले असते?

धाकटा : मी बाहेर काढलं असतं तुला?

आई : काढलं नसतंस रे. बोलला नसतास. या मोडक्या पायानं इथं बसून ते नसतं सोसलं मला.

ताई : पुरे आता, आई.

आई : तुझाही राग आहे माझ्यावर. दिसतो मला.

ताई : आहे.

धाकटा : बादली आण. मोरीतली नको, साबण असतो तिला. स्वयंपाकघरातली निळी.

ताई : बादलीत जगतील?

धाकटा : रोज अर्धं पाणी बदललं तर. क्लोरीन उडालेलं शिळं पाणी पिंपात भरून ठेवलंय. आणि दुकानातल्या जुन्या टाकीचा वापरलेला स्पंज मिळाला तर टाकीही लवकर तयार होईल. जिवाणू आयतेच मिळतात त्यात.

ताई : स्पंज मी आणते.

धाकटा : पाणी दुपारी बदलावं लागेल. मी नसतो. आईला वाकता येत नाही.

ताई : येईन मी.

धाकटा : रोज?

ताई : रोज. माशांसाठी. तुझ्यासाठी नाही.

धाकटा : किल्ली लागेल मग. कुलूप बदललंय मागच्या वर्षी.

ताई : माहितीये. मगाशी बेल वाजवायच्या आधी माझी लावून बघितली.