आप्पांचा पहिला नंबर

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. पुढं जाण्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो.

माणूस बुडतोय. तुम्ही काठावर उभे. एक खोटं बोललात – साधं, गोड, कुणाचं काही न बिघडवणारं खोटं – तर तो वाचेल असं वाटतंय. बोलाल का?

हं! माना डोलल्या! पुढच्या काकूंनी तर मनातल्या मनात बोलूनही टाकलं! आणि तिकडं खांबाला टेकलेले गुरुजी म्हणतायत, "छे! सत्य ते सत्य!" बरं. आपापलं उत्तर घट्ट धरून बसा. आता ऐका!

तापीच्या काठी सावखेडं नावाचं गाव. तिथं सुपडूआप्पा महाजन राहायचे. औषधांचं दुकान. सुपारीचं खांड तोंडात नाही, पत्त्याचं पान हातात नाही. व्यसन एकच – सिनेमा! त्यांच्या घरच्या सिंधूकाकू म्हणायच्या, "देव्हाऱ्यात देव आहेत म्हणून बरं, नाहीतर ह्यांनी तिथंही पडदा टांगला असता!" मराठी म्हणू नका, बंगाली म्हणू नका, मल्याळी म्हणू नका – सगळं बघायचे. कुणी विचारावं, "आप्पा, भाषा कळते का?" की हे म्हणणार, "अरे, तान्हं पोर रडतं ते कुठल्या भाषेत रडतं?"

आणि दरवर्षी दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, पंगती उठल्या की आप्पा मंदिराच्या ओट्यावर उभे राहायचे. त्या वर्षातले आपल्या आवडीचे पाच सिनेमे सांगायचे! आधी पाचवा, मग चौथा, असं करत पहिला सगळ्यात शेवटी. हसू नका! शेजारच्या गावांतून माणसं यायची ऐकायला. का? तर आप्पा कुणाच्या तोंडाकडं बघून बोलत नसत. एका वर्षी अख्खा जिल्हा एका सिनेमावर नाचत होता. आप्पा म्हणाले, "रिकाम्या डब्यातले खडे. आवाज फार!" झालं! त्या दिवसापासून गावात आप्पांचा शब्द म्हणजे शब्द.

याच ओट्यासमोर बसून हर्षल मोठा झाला. कमलवहिनींचा एकुलता एक. बाप लवकर गेला. सिनेमाचं वेड त्यानं आप्पांकडून घेतलं. मुंबईला गेला, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबला आणि स्वतःचा सिनेमा काढला! गावानं पेढे वाटले. सिनेमा लागला, आणि मंडळी – आपटला! थेटरात माणूस नाही. वर फोनवर टिंगल. ज्यांनी पाहिला नाही त्यांचीच जास्त! बरोबर आहे, पाहायला तिकीट लागतं. हसायला काय लागतं?

हर्षल घरी आला. खोलीत शिरला तो बाहेर येईना. ताट नेलं तसं परत येई.

दत्तजयंतीच्या दिवशी सकाळी कमलवहिनी आप्पांच्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, उद्या पहिलं नाव माझ्या हर्षलच्या सिनेमाचं घ्या."

आप्पांनी हातातली औषधाची पुडी खाली ठेवली.

"तो म्हणतो, आई, आता जगून काय करू? त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाकली मी, भाऊजी. रात्रभर उंबऱ्यात बसते. डोळा लागायची भीती वाटते." बाईंनी पदर तोंडाला लावला. "जगानं काहीही म्हणू दे. तुमचा शब्द त्याला देवाचा आहे. घ्याल ना?"

आप्पा म्हणाले, "बघतो, वहिनी."

बघतो! काय सोयीचा शब्द आहे हो आपल्याकडं! होकार देववत नाही, नकार बोलवत नाही – म्हणा, बघतो!

आता अडचण काय होती? आप्पांनी तो सिनेमा पाहिला होता. तालुक्याच्या थेटरात, रिकाम्या खुर्च्यांत बसून. आणि तो वाईट होता, मंडळी! पात्रं बोलत नव्हती, प्रवचन देत होती – माझ्यासारखी! फक्त एक प्रसंग निराळा. एक बाई गच्चीवर गोधड्या वाळत घालते. काठीनं झोडपते. झोडपता झोडपता हाताशी एक लहानशी गोधडी येते. बाई थांबते. काठी खाली ठेवते. हातानंच झटकते, हळूच. बस! शब्द नाही, वाजंत्री नाही. तेवढ्यासाठी आप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून गेले. पण एका प्रसंगावर अख्ख्या सिनेमाला पहिला नंबर? आणि नाही दिला तर? उद्या त्या घरातून रडण्याचा आवाज आला तर?

सांगा गुरुजी! आता सत्य ते सत्य?

दुसरा दिवस उजाडला. पंगती उठल्या. पटांगण भरलं. आणि शेवटच्या रांगेत, आईच्या शेजारी – हर्षल! दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. वहिनींनी हात जोडून, शपथा घालून आणला होता.

आप्पांनी माईक धरला.

"पाचवा," ते म्हणाले, "तो मल्याळी. म्हातारा होडी बांधतो आणि गावातली नदीच आटते. चौथा – लग्नातून पळालेल्या घोडीचा. मी एवढा हसलो की हिनं कोपर मारलं." लोक हसले. आप्पा हसले नाहीत. "तिसरा – तुरुंगातल्या आचाऱ्याचा. दुसरा – एका बंगाली बाईंनी काढलेला, आंधळ्या टपालवाल्याचा."

आणि आप्पा थांबले.

एकेक मान मागं वळली, हर्षलकडं. सगळ्यांना वाटलं, आता आपल्या पोराचं नाव येणार! कमलवहिनी ओट्याकडं टक लावून बसल्या. ते डोळे आप्पांना झेपेनात. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. जिभेवर नाव आलं हो! हर्षल. बोलायचं की सुटका! पण जीभ उचलेना.

आणि हर्षलला कळलं. आप्पांचं असं थांबणं म्हणजे काय ते त्या पोराइतकं कुणाला कळणार? तो उठला. आईचा हात सोडवला आणि चालू लागला – घराकडं नाही, मंडळी! डावीकडं, पुलाच्या रस्त्याला!

आप्पांनी माईक टाकला. ओट्यावरून उडी! पायात चप्पल नाही, गुडघे धरलेले, तरी म्हातारा धावतोय! लोकांना कळेना काय झालं. मागून वहिनींची किंकाळी – "भाऊजी!"

पूल लांबलचक. मधोमध हर्षल कठड्याला छाती टेकून उभा. खाली तापीचं काळं पाणी. आप्पा पोचले. छाती भात्यासारखी चाललेली. काही न बोलता आधी त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी!

हर्षल पाण्याकडं बघतच म्हणाला, "आईनं सांगितलं होतं ना तुम्हाला? मग घ्यायचं होतंत माझं नाव."

काय बोलावं? इथं एक गोड खोटं पुरलं असतं! बोला काकू, बोलला असता ना तुम्ही?

आप्पा म्हणाले, "नाही घेणार. तुझा सिनेमा वाईट आहे."

अरे देवा! पुलाच्या मधोमध! असं बोलतात का?

हर्षलनं मनगट ओढलं. आप्पांनी सोडलं नाही. "ऐक! वाईट आहे. सगळे भाषणं करतात. पण ती गोधडी! ती काठी बाजूला ठेवते ना, त्यासाठी मी दुसऱ्यांदा तिकीट काढून गेलो. असं वर्षभरात कुठल्याच सिनेमात बघितलं नाही रे मी. बाकीचा सिनेमा लोकांना घाबरून काढलास तू. तेवढं एक कुणाला न घाबरता केलंस. कुठून आणलंस ते?"

हर्षलनं पाण्यावरची नजर काढली. मग त्याचे ओठ हलले. "बाबा गेल्यावर... आई माझी गोधडी कधी झोडपायची नाही."

आणि पोरगा रडायला लागला, मंडळी! घरी आल्यापासून पहिल्यांदा. आप्पांनी त्याला कठड्यापासून ओढून रस्त्यावर खाली बसवलं आणि स्वतः त्याला बिलगून बसले. मनगट अजून हातातच! वहिनी पोचल्या. त्याचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

तोवर अर्धं गाव पुलाच्या टोकाशी. पुढं यायची कुणाची छाती होईना. आणि अशा वेळी एखादा महाभाग असतोच! तो ओरडला, "आप्पा, पहिला कोणता ते राहिलंच की!"

सगळ्यांच्या अंगावर काटा! आप्पांनी हर्षलकडं बघितलं. हर्षलनं नाक पुसलं, मान वर केली आणि बसल्या जागेवरून ओरडला, "माझा नाही!"

मग त्यानंच खालच्या आवाजात विचारलं, "कोणता, आप्पा?"

"मिठागरातल्या दोघी बहिणींचा. अजून तालुक्याला चालू आहे."

"मी पाहिला नाही."

"मग उद्या जाऊ की," आप्पा म्हणाले.

आणि गेले! आधी डॉक्टरांकडं, मग थेटरात. औषधं चालली, बरेच महिने गेले, चांगले-वाईट दिवस आले. पुढं हर्षलनं दुसरा सिनेमा काढला. तुम्हाला वाटेल महाराज आता म्हणणार, त्याला बक्षीस मिळालं! नाही हो! आप्पांना तोही फारसा आवडला नाही! दोघं दुकानात तावातावानं भांडले, गिऱ्हाईक खोकत उभं! पण भांडायला पोरगा होता, मंडळी. होता!

तो मला एकदा म्हणाला, "महाराज, आप्पांनी त्या दिवशी खोटं नाव घेतलं असतं ना, तर मला ते कळलंच असतं, आणि खरं सांगणारा माझा शेवटचा माणूस गेला असता. मग मागं वळून बघायला कोण होतं?"

तेव्हा काकू, तुमचं गोड खोटं कामाचं नाही. आणि गुरुजी, हसू नका! ओट्यावरून माईकमध्ये फेकलेलं तुमचं सत्यही कामाचं नाही. तेच वाक्य आप्पा वरून बोलले असते तर पोर गेलं असतं. पळत जाऊन, मनगट धरून बोलले, म्हणून राहिलं.

आता घरी जा. तुमच्याही घरात कुणीतरी ताट परत पाठवतंय. मुलगा असेल, सून असेल, भाऊ असेल. त्याला तुम्ही "छान आहे, छान आहे" म्हणून वाटेला लावलंय, नाहीतर खुर्चीत बसून खरं सुनावलंय. मी एवढंच विचारतो – उठून त्याच्यापर्यंत कोण गेलंय?

बोलू नका. फक्त नामस्मरण करा, आणि उठा.