रशियनमध्ये सांगितलेलं

नाशिकच्या स्टँडवर कळवणच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि रशियात डॉक्टरकी शिकणारी तिची लेक उभ्या होत्या. लेक आजच परतली होती.

"रशियन भाषेच्या तोंडी परीक्षेत काय विचारलं गं, हर्षाली?"

"कामानं जीव टेकीला आलाय, असं सांगणाऱ्या इंग्रजी म्हणी. त्या रशियनमध्ये सांगायच्या. इंग्रजीत म्हणतात, ताटात फार वाढलंय. रशियन म्हणतात, तोंड काळज्यांनी भरलंय."

"खरं हाय त्यांचं. आपल्याकडं नाकी नऊ येतात."

"ही एक आली. पुढची काही केल्या आठवेना. मग सरळ रशियनमध्येच म्हणाले, मॅडम, मला हे झेपत नाहीये. रात्र रात्र झोप लागत नाही."

"अगं बाई. मग?"

"त्यांनी वही मिटली, मला चहा दिला. म्हणाल्या, आधी घरी जाऊन ये. परीक्षा आल्यावर घेऊ."

"त्या परक्या बाईला सांगितलं आन् मला नाय? रोज तर फोन व्हायचा आपला."

"फोन स्पीकरवर असायचा, आई. काका, आजी, शेजारच्या सगुणाबाई, सगळेच. डॉक्टरीणबाई कशा आहेत, असं विचारायचे."

तेवढ्यात आईचा फोन वाजला.

"हॅलो. हां, आली तुमची पोरगी. बरी हाय. देते तिच्याकडं, पण आधी तो स्पीकर बंद करा. आन् वट्यावर जाऊन एकटेच बोला."