सहावा चमचा

स्लुत्स्कच्या बसथांब्यावर ऐंशी ओलांडलेली लुद्विका रांगेत उभी होती. परदेशातून येऊन महिनाभर वडिलांची कबर शोधली, हाती काही लागलं नव्हतं. पुढे दोन म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं रंगलं होतं.

“आज पितरांचं जेवण, थेक्ला. चमचे किती मांडायचे?”

“सहा. आजीआजोबा, आईबाबा, आपला दादा आणि कप्तान शाबुन्या.”

“हळू बोल की बाई.”

“सोव्हिएत राज्य गेलं, आता कसली भीती? सत्तर वर्षं त्याला दूरचा मामा म्हणत आलो, तेवढं पुरे.”

“बोल्शेविकांशी लढायला म्हणून बाबा त्याच्या तुकडीत गेले, तर त्याने कानाखाली जाळ काढला आणि बंदूक हिसकावून घेतली.”

“‘विधवेचा एकुलता एक तू. घरी जा, नांगर धर,’ म्हणाला. बाकीचे गेले ते परतलेच नाहीत. ती थप्पड बसली नसती तर आपण दोघी कुठून आलो असतो?”

“म्हणून तर खिरीचा पहिला घास त्याचा. मध अगदी सढळ हाताने घालते मी.”

लुद्विकाने मागून थेक्लाच्या खांद्यावर हात ठेवला.

“थोडा कमी घाला, ताई. माझ्या बाबांना फार गोड आवडत नसे.”