आखाजीची कोय

तुम्ही आमच्या नानांना वाकून नमस्कार करता, कारण तुम्ही त्यांच्या घरात राहत नाही. नाना म्हणजे बापाचे थोरले भाऊ, पिंप्राळ्यातले रिटायर हेडमास्तर.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना घास दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी आंब्याला तोंड लावत नाही. त्या वर्षी कावळा काही आला नाही. नाना म्हणाले, "आपल्या टायगरला द्या. अन् कोय द्या, आबांना कोय चोखायला फार आवडायची." आबा म्हणजे माझे वारलेले आजोबा.

मी म्हटलं, "नाना, कुत्रं चोखत नाही, गिळतं. गर कापून द्या, कोय नको."

"कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये. तुले काय समजस?"

नानांनी स्वतःच कोय टाकली. टायगरनं ती अख्खी गिळली आणि ती घशात अडकली. तो तडफडायला लागला, तर नाना हात जोडून म्हणतात, "आबांनी घास घेतला!" मी बोटं घालून कोय ओढून काढली. टायगर मला कडकडून चावला, पण जगला.

दुसऱ्या दिवशी नाना ओट्यावर कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना शिकवत होते, "कुत्र्याला आंबा द्यायचा तर कोय काढून, फोडी करून द्यावा." मग माझ्या हाताच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "या गाढवानं कोय दिली, बघा काय झालं."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नाना, उद्या तुमच्या घशात कोय अडकली, तर मी बोटं घालणार नाही. आबांनी घास घेतला म्हणून हात जोडीन."