चार बोटं

माणिकराव : दार लोट, पोरी, अन् आता पुन्हा आयक. आलं आयकू?

समता : आलं. उंदरावानी. दोन दिसांपासून हेच चालू हाये, काका, म्हून तं तुमाले बलावलं. चिमीची झोळी माडीच्या तुळईले टांगेल हाये, तिच्यात भुकटी पडते. सकाळी तिच्या पापणीवर होती. मले वाटलं, पावडरच जास्त लागली.

माणिकराव : चाटून पाह्यली?

समता : इश्श, काहाले?

माणिकराव : तुळई कडुलिंबाची हाये न? लाकडाची भुकटी असती तं कडू लागली असती. हे दाताखाली करकरते. शिमिट हाये.

समता : म्हंजे बाबानं देल्ली तुळई चांगली हाये!

माणिकराव : चाळीस वर्षं रंधा मारला म्या. तुह्या बापाचं लाकूड लोखंडावानी हाये. आपल्याले भिंतीले इचारा लागते. नागसेन! ओ जावईबापू!

नागसेन (माडीवरून) : जय भीम काका! समते, च्या ठेव काकाले. गव्हाचे बारा पोते चढवले, तेरावं खांद्यावर हाये.

माणिकराव : तुळईचं हे टोक भिंतीतल्या ज्या शिमिटाच्या ब्लॉकवर ठेवलं, थो भरीव का पोकळ?

नागसेन : पोकळ. पन वरून प्लास्टर कसं दाबून केलं, पाहा न!

माणिकराव : प्लास्टर म्हंजे तोंडाले लावाची पावडर हाये बे. वरच्या थराच्या पोकळीत काँक्रीट भरा लागते, मंग त्याच्यावर टोक वीतभर बसवा लागते. तुह्यं कितीक बसलं?

नागसेन : चार बोटं.

समता : चार? मले तं वीतभर म्हणले होते तुमी!

नागसेन : जानेफळहून आणली तवाच टोक कुजेल होतं. कापा लागलं. तुले सांगतो तं तू रडती. बापाच्या आंगणातलं झाड, त्यात तू ओली बाळंतीण...

समता : रडली असती. पन पोरीले हिच्याखाली टांगली नसती.

माणिकराव : भांडण मंग करजा. आंधी पोरगी काढ. हळू, कडी हालू देऊ नको.

समता : काढली. निजेलच हाये माय माही. काका... झोळी रिकामी झाली, तरी भुकटी पडूनच राह्यली.

माणिकराव : दिसते मले. नागसेन, थे पोतं खाली टाकू नको. जिथं हायेस तिथंच उभा राय. पाय उचलू नको.

नागसेन : काऊन? काय झालं?

माणिकराव : समता, टेकू द्याले काही हाये घरी?

समता : सेंट्रिंगच्या दोन बल्ल्या हायेत गोठ्यात. आणते.

माणिकराव : आन. पन मले एक सांग. माडीची शिडी कशाले टेकवली हाये?

समता : ...ह्याच तुळईले.

नागसेन (माडीवरून) : खांदा भरून आला माहा. मी उतरू का?