ससाण्याचा पासपोर्ट फोटो

माझं माहेर मांजर्लीचं. नदीला पाणी चढलं की आधी भांडी माळ्यावर, मग पोरं माळ्यावर, अशा घरातली मी, कॅमेऱ्याशी माझा काय संबंध सांगा, पण लग्न झालं ते उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या फोटोवाल्यांच्या घरात, आणि नवऱ्याला फोटोत रस नाय, तो अंबरनाथला कंपनीत, मग सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, मलाच उभं केलं कॅमेऱ्यामागे. हनुवटी खाली, डोळे उघडे, मागे पांढरा पडदा. तीस वर्षं झाली. पासपोर्टचे फोटो, शाळेचे, बारशाचे, आणि सिंधी लोकांची लग्नं, कारण मेहंदीच्या कार्यक्रमाला त्यांना बाईच फोटोवाली लागते.

घराच्या पुढच्या खोलीतच आमचं दुकान, आणि दुकानाच्या काचेत एकच फोटो. आप्पांनी तरुणपणी काढलेला, एका म्हाताऱ्या कुल्फीवाल्याचा. आप्पा म्हणायचे, काचेत लागायचा फोटो असा पाहिजे की चालता माणूस थांबला पाहिजे. मी किती दाखवले, काय सांगू तुम्हाला, नवऱ्या दाखवल्या, बाळं दाखवली, आप्पा भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, चांगलाय, गिऱ्हाइकाला दे. लागायचं हो मनाला. रडलेय पण मी, खोटं कशाला बोलू.

तर आमचे एक जुने गिऱ्हाईक, कापडवाले सेठ, त्यांच्या पुतणीचं लग्न दुबईला. म्हणाले, भाभी, फोटो के लिए आप ही चलो. गेले. लग्न पार पडलं आणि सेठच्या ओळखीचे एक अरब गृहस्थ म्हणाले, उद्या वाळवंटात आमच्या पाळलेल्या ससाण्यांचा मेळावा आहे, फोटो काढायला या. तिथे सगळे पुरुष, पांढरे झगे, हातात जाड चामडी मोजा, मोज्यावर ससाणा, आणि ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची एवढीशी टोपी. मी पहिलं काय म्हणाले असेन? टोपी काढा. सवय हो, दुसरं काय. सेठनी सांगितलं त्यांना, त्या गृहस्थांनी काढली, आणि ते डोळे बघून मला वाटलं, हाच. हाच काचेत लागणार.

पण तो बघेल तर शपथ! आभाळात बघतो, सेठकडे बघतो, माझ्याकडे नाय. आता बारशाचं बाळ बघत नसेल तर मी काय करते, पिशवीत रबरी बदक असतं माझ्या, ते दाबते, चूं करतं, बाळ बघतं. हात आपोआप पिशवीत गेला. आणि नेमकी त्याच वेळी त्या गृहस्थांनी पक्षी उडवायला म्हणून पायाची दोरी सोडली. चूं.

अहो, सरळ माझ्यावरच आला! मी बदक फेकलं आणि वाळूत आडवी झाले. सेठ ओरडतायत, अरे भाभी, ये क्या किया, सगळं मैदान माझ्याकडे बघतंय, आणि ससाणा ते बदक घेऊन एका पांढऱ्या गाडीच्या दारापाशी बसला, पंख पसरून, माझं आहे म्हणून. त्याने पायाने दाबलं. चूं. दचकला. परत दाबलं. चूं. मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं, की बाई, हे काय दिलंस मला? मागे पांढरी गाडी, चेहरा समोर, दोन्ही डोळे उघडे. आडवी होते तिथूनच काढला. मग त्या गृहस्थांनी मांसाचा तुकडा दाखवून त्याला हातावर घेतलं आणि पोट धरून हसत बसले. बदक मात्र फाटलं, परत बोललं नाय.

घरी आले, आप्पांना फोटो दिला. भिंग लावून कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाले, पासपोर्टचाच काढलास की गं, आणि कान दिसत नायत, परत पाठवतील. मी आत गेले, चहा ठेवला, डोळे पुसले. कप घेऊन बाहेर येते तर कुल्फीवाला टेबलावर आणि आप्पा, पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, स्टुलावर चढून काच पुसतायत. मी म्हटलं, आप्पा, पडाल. म्हणाले, तू स्टूल धर.

आता रोज काचेखाली खुर्ची टाकून बसतात. आणि थांबतात हो लोक. खरं सांगू, अर्धे लोक आप्पांनी हात धरला म्हणून थांबतात, जरा बघा, माझ्या सुनेने काढलाय. पण थांबतात ना! देवाने त्या हातात अजून खूप वर्षं जोर ठेवावा, एवढंच.