घास कुठून निघतो

हॅलो?… कोण, सौसन? मोठ्यानं बोल गं, मी घाण्यावर आहे. आपली ऑलिव्हची पोती रांगेत आहेत. पुढे अबू नायफ. त्याची पोती त्याच्या गप्पांसारखीच, संपता संपत नाहीत… थांब, बाहेर येते… हां, बोल.

… रनीम जेवत नाही?… परवापासून रोटीला हात नाही? मग खाते काय?… दूध. सात वर्षांची घोडी आणि नुसतं दूध… डॉक्टर काय म्हणाले?… पोट मऊ, ताप नाही. बरं.

… कुठलं पुस्तक?… मी पाठवलेलं? घासाच्या प्रवासाचं? अगं, दुकानदार म्हणाला, पोरं अरबी वाचायला शिकतात आणि पोटात काय चालतं तेही कळतं त्यांना… ते बघूनच घाबरली?… नाही सौसन, पुस्तक कपाटात टाकायचं नाही. अगं ऐक ना… शनिवारचा अरबीचा वर्गही बंद?… तुमच्या माल्मोत स्वीडिश ती वाऱ्यावरून शिकेल. अरबी गेली की माझ्याशी कशानं बोलणार? हातवाऱ्यांनी? फोनवर हात दिसतात होय?… रडू नकोस. तिला दे. दे म्हणते ना.

… रनीम, माझ्या काळजाचा तुकडा गं… हो, आजीच… हा आवाज? घाण्याचा. डोळे मीट आणि ऐक. आत जाती फिरतायत, तुझ्या दाढांसारखी. ऑलिव्ह चिरडतात. मग तो लगदा हौदात घोळतो, सावकाश घोळतो, ऊब धरतो. ते तुझं पोट. घाई म्हणून नाही त्याला… मग धार सुटते, पिवळी, जाड. इथं अजलूनच्या डोंगरावर धुकं उतरलंय ना, त्या धुक्यालाही तेलाचा वास आहे. तेल घरोघर जातं, तसं रोटीचं सत्त्व तुझ्या बोटांत जातं, केसांत जातं, झोपेत जातं. उरली पेंड, ती बाहेर…

… असं नाही? पुस्तकात निराळं आहे?… बरं बाई, तू शिकलेली. मी दोन हिवाळे शाळेत गेले, तेही शेगडीपाशी बसायला मिळायचं म्हणून. तूच सांग. पहिल्या पानावर काय आहे?… काय?… संडास?… मग?… घाण नळीतनं वर चढते. वळणावळणानं… मग पिशवीत… मग तोंडात… आणि शेवटी तिची रोटी होते.

… नाही गं, हसत नाहीये, खोकला आला… म्हणून रोटी नको?… खरंय. मीसुद्धा खाल्ली नसती.

… खालचे शब्द वाचलेस?… नुसती चित्रं. वर्गात पुस्तक नसतं का?… बाई एकेक सुटा कागद देतात. आणि आईनं काही उघडून पाहिलं नाही… असू दे, तिला नको सांगू, मीच सांगेन.

रनीम, पुस्तक मांडीवर घे. पान कुठल्या हातानं उलटतेस?… उजव्या. हं. आता अख्खं पुस्तक पालथं कर, रोटी उलटवतात तसं… शिवण उजव्या हाताला आली?… आता डाव्या हातानं पान उचल. आपली अरबी उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून आपली पुस्तकं तिकडूनच निघतात, बाळा, जगानं काहीही करो… काय दिसतंय?… रोटी. आणि एक मुलगी. खाली काय लिहिलंय? सावकाश. मला कुठं जायचंय…

… लु… क्… मा. हां. घास. बघ, आता निघाला तो. पुढे?… दात… नळी… पिशवी. संडास कुठं गेला?… शेवटी. तिथंच बरा.

… काय रे? माझा नंबर आला?… माझ्या आधी तू लाव तुझी पोती, लाव. दुपारपासून मी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. आज जा.

… रनीम? तोंडात काय?… रोटी?… आईनं दिली? झातरचा मसाला आणि तेल लावून?… चाव. बोलू नकोस. बारीक चाव, जात्यासारखं. मी ऐकतेय…

… सौसन, तू होय… पुस्तक कुठंय?… तिच्या मांडीवर. बरं… शनिवारी?… जाईल. बरं… नाही, मी नाही ठेवत फोन. तूही ठेवू नकोस. परत तिच्या कानाशी धर. अजून चावतेय ती.